दारूसाठी गोळी चुकवायला आपणच शिकवतो

एचआयव्ही रुग्णांच्या घरी जाणाऱ्या तुमच्या कार्यकर्त्यांचं दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं, परीक्षेत सगळ्या पास, तरी दारू-हेरॉइन घेणारे रुग्ण दोन-तीन महिन्यांत एआरटी (एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या) सोडतात, हे तुमचं वाचलं आणि जुनं दुखणं वर आलं. सीडी४ (रोगप्रतिकारक पेशींची मोजणी) वगैरे तुम्ही शिकवलंच असेल. तुमच्या कार्यकर्त्या दारात उभ्या राहून नेमकं काय बोलतात, ते एकदा कान देऊन ऐका.

"दारू पिऊन गोळी घेऊ नका." आमच्या प्रशिक्षणातही हे वाक्य होतं आणि सगळ्यात महागात तेच पडलं. ऐकणारा दारू सोडत नाही, गोळी सोडतो. आठवड्यात दोन दिवस पिणारा दोन दिवस गोळी चुकवतो आणि व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) चढतो. म्हणायचं असं: "प्यायला असलात तरी गोळी वेळेवर घ्या. दारूचं वेगळं बोलू." व्याख्यानाने हे वळण लागत नाही. एकीने रुग्ण व्हायचं, एकीने कार्यकर्ती, तिसरीने चुकलेलं वाक्य टिपायचं, तोंडात बसेपर्यंत. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला "उद्यापासून बंद" म्हणू देऊ नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिटचे झटके येऊ शकतात.

दुसरी खोच टीबीची. रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध सुरू झालं की रक्तातलं मेथाडोन (हेरॉइनऐवजी डॉक्टर देतात ते औषध) उतरतं. जांभया, घाम, वाहतं नाक, पायात गोळे. कार्यकर्ती नोंदवते, "पुन्हा वापर सुरू". अहो, त्याला डोस पुरत नाहीये! अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. एआरटीतलं डोल्युटेग्राविर हे औषधही तेव्हा सहसा दिवसातून दोनदा लागतं, तेही विचारून घ्यावं. उलट, मेथाडोन सलग तीन दिवस चुकलं असेल तर जुना डोस तसाच देणं जिवावर बेतू शकतं. (डोस ठरवणं डॉक्टरांचंच काम, कार्यकर्तीने ओळखायचं आणि कळवायचं.)

एका कार्यालयाला, नाव नको, फक्त "किती जणींना प्रशिक्षण दिलं" हा आकडा हवा असायचा. नंतर कार्यकर्तीसोबत जाऊन शिकवण्याच्या भेटींना निधी नाही म्हणे! माझं मत विचाराल तर वर्गातले पाच दिवस कापा आणि तो वेळ पुढच्या सहा महिन्यांत भेटींना द्या. सगळीकडे जमेलच असं नाही.

जाता जाता: ब्युप्रेनॉर्फिन (हेही मेथाडोनसारखं हेरॉइनऐवजीचं औषध) जिभेखाली ठेवण्याआधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करायला सांगा, कोरड्या तोंडात गोळी लवकर विरघळत नाही. आणि नालोक्सोन (हेरॉइनचा डोस जास्त झाल्यावरचा उतारा) दिल्यावर माणूस उठून बसला तरी एकटं सोडू नका. नालोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो, हेरॉइनचा त्याहून टिकू शकतो.