पट्टी फिकी पडली, म्हणजे कीटोसिस मोडलं का?

प्रश्न : महिनाभर भाकरी, भात, गूळ, साखर बंद आहे. मटण, अंडी, पनीर, पालेभाज्या एवढंच खातो. पहिल्या आठवड्यात लघवीची कीटोन-पट्टी गडद जांभळी व्हायची, आता जेमतेम गुलाबी होते. तोंडाचा वासही गेला. कीटोसिस मोडलं का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नुसत्या पट्टीवरून तसं म्हणता येणार नाही. भाकरी, भात, साखर यांतली कर्बोदकं फार कमी झाली की शरीर चरबीपासून बनलेल्या कीटोनवर चालू लागतं, त्या अवस्थेला कीटोसिस म्हणतात. यकृत चरबीपासून तीन कीटोन बनवतं : ॲसिटोॲसिटेट, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट आणि ॲसिटोन. पट्टी यातला पहिलाच ओळखते, तोही लघवीवाटे बाहेर पडलेला. सुरुवातीला बरेच कीटोन असे वाया जातात. पुढे मूत्रपिंडं ते जास्त प्रमाणात परत शोषतात. शिवाय रक्तातला मोठा वाटा बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेटचा असतो आणि तो पट्टीला दिसतच नाही. त्यामुळे महिन्याभरानं रंग उतरणं हे अनेकांच्या बाबतीत अपेक्षितच असतं.

रंगावर पाण्याचाही परिणाम होतो. तांब्याभर पाणी पिऊन तपासलंत तर पट्टी फिकी, उन्हातून घामाघूम होऊन आल्यावर तपासलंत तर गडद; रक्तातले कीटोन दोन्ही वेळी तेवढेच असू शकतात. म्हणून रोज एकाच वेळी तपासा. पट्टी भिजवून जादा लघवी झटका आणि डबीवर लिहिलेल्या वेळेलाच, बहुतेक पट्ट्यांना १५ सेकंदांनी, रंग जुळवा. उशिरा पाहिलेला रंग धरू नका. डबीचं झाकण उघडं राहिलं तर पावसाळ्यातल्या दमट हवेत पट्ट्या लवकर खराब होतात.

खात्री हवी असेल तर रक्त तपासा. कीटोन मोजणारा मीटर आणि त्याच्या वेगळ्या पट्ट्या लागतात, साखरेची पट्टी चालत नाही. हात साबणानं धुऊन कोरडे करा आणि बोटाच्या कडेला टोचा. लिटरमागे ०.५ मिलिमोलपेक्षा कमी आलं तर कीटोसिस नाही, ०.५ ते ३ आलं तर आहे. सकाळी आकडा बऱ्याचदा कमी येतो, तेव्हा दोन दिवसांची तुलना एकाच वेळेच्या आकड्यांची करा. २.५ आकडा १ पेक्षा चांगला, असं मात्र समजू नका. ताटातल्या तुपापासूनही कीटोन बनतात, त्यामुळे आकडा मोठा म्हणजे अंगावरची चरबी जास्त जळतेय असं ठरत नाही.

तोंडाचा वास ॲसिटोनचा असतो आणि सुरुवातीनंतर तो बहुधा ओसरतो. भूक मंदावणं, तोंड कोरडं पडणं या नुसत्या खुणा आहेत. पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजन बरंचसं पाण्याचं असतं, कारण ग्लायकोजेनच्या, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेच्या, प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण ३ ग्रॅम पाणीही निघून जातं. त्या दिवसांतली डोकेदुखी आणि गळाठा बहुतेकदा पाण्यासोबत मीठ गेल्यामुळे असतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर मटणाचं अळणी पाणी, म्हणजे तिखट-मसाला न घातलेलं मटण शिजवल्याचं पाणी, मीठ घालून घेऊन बघा.

मीटरवर आकडा खरोखरच ०.५ च्या खाली राहिला तर ताटाचा हिशेब करा. दिवसाची कर्बोदकं २० ते ५० ग्रॅममध्ये बसायला हवीत. ६० ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या एका भाकरीतच सुमारे ४० ग्रॅम जातात. वाटीभर तांबड्या रश्शानं सहसा बिघडत नाही. पांढऱ्यात काजू सढळ असतील तर मोजून घ्या. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ३०० मिलीचा पेला घेतलात तर त्यात सुमारे १५ ग्रॅम दुग्धशर्करा असते. ही बऱ्याच जणांच्या हिशेबातून सुटते.

प्रश्न : वडिलांना मधुमेह आहे, डापाग्लिफ्लोझिन चालू आहे. त्यांनीही हा आहार धरावा का?

उत्तर : डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखर लघवीवाटे बाहेर टाकणाऱ्या गोळ्या आणि कर्बोदकांचा उपास एकत्र आले तर कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. यात कीटोन बेसुमार वाढून रक्त आम्लधर्मी होतं आणि साखर मात्र फारशी वाढलेली दिसत नाही, म्हणून घरचे गाफील राहतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर आणखी एक धोका : साखर एकदम खाली जाते. डोस कमी करायचा की औषध थांबवायचं, हे डॉक्टरच ठरवतील.

मधुमेहाच्या माणसाला उलट्या, पोटदुखी, जोरात आणि खोल श्वास किंवा गुंगी जाणवली, तर मीटरवरची साखर कितीही असो, रक्तातले कीटोन तपासा. १.५ च्या वर असतील तर लगेच डॉक्टरांना फोन करा. ३ किंवा त्याहून जास्त असतील, किंवा कीटोनचा मीटरच हाताशी नसेल, तर सकाळची वाट न बघता त्यांना रुग्णालयात न्या आणि कोणती गोळी चालू आहे ते तिथे पोहोचताच सांगा.