खोडवा पिवळा पडलाय, हिराकस किती द्यावा?

शिरोळ तालुक्यातून एका शेतकऱ्याने विचारले आहे : दोन महिन्यांच्या खोडव्यात, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात, केवडा पडलाय (पाने पिवळी-पांढरी होताहेत), युरिया देऊनही फरक नाही. हिराकस किती टाकू? मागच्या वर्षीचे निम्मे पोते आहे, पण आतला माल तांबूस झालाय, चालेल का? गगनबावड्याहूनही विचारणा आहे : भात पिवळे पडतेय, हिराकस द्यावा का?

आधी त्या तांबूस पोत्याचे. ते वापरू नका. चांगला हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, फिकट हिरव्या खड्यांचा असतो आणि त्यात साधारण १९ टक्के लोह असते. दमट हवा लागली की खड्यावर पिवळट-तांबूस भुकटी धरते. लोह असते तेवढेच, पण त्याचे रूप बदललेले असते आणि ते पिकाला सहजी घेता येत नाही.

शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या चुनखडीच्या रानात नेमके हेच होते. मातीत लोह भरपूर, पण सामू (पीएच) आठच्या वर गेला की मुळांना मिळत नाही. पाणी साचून राहिले की त्रास आणखी वाढतो. त्यात खोडव्याची जुनी मुळे दमलेली. म्हणून वाफशावर, म्हणजे ओल बेताची असताना, बगला (वरंब्याच्या कडा) फोडा आणि चर काढून साचलेले पाणी बाहेर घालवा. हे टाळून नुसत्या फवारणीवर विसंबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

दुखणे लोहाचेच आहे का, हे पोंग्याजवळचे, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गुंडाळीजवळचे, पान उजेडात धरून बघा. शिरा हिरव्या आणि मधल्या पट्ट्या पिवळ्या-पांढऱ्या दिसल्या, खालची जुनी पाने मात्र हिरवी राहिली, तर लोहच कमी पडतेय. नत्र कमी असेल तर आधी जुनी पाने पिवळी पडतात.

१५ लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि १५ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घ्या. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी ॲसिड विरघळवा, मग हिराकस, आणि गाळून घ्या. द्रावण फिकट हिरवे राहिले पाहिजे. तांबडे झाले तर ओतून द्या. लगेच, पण ऊन उतरल्यावर फवारा, भर दुपारी पाने करपतात. आठवड्याने पान बघा. जिथे थेंब बसला तिथेच हिरवा ठिपका उमटलेला दिसेल, कारण लोह पानात फारसे सरकत नाही. म्हणून फवारा सगळीकडे बसवा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा घ्या, पोंगा हिरवा निघेपर्यंत.

जमिनीतून द्यायचा तर एकरी १० किलो हिराकस १०० किलो कुजलेल्या शेणखतात आठवडाभर मुरवून सरीत द्या आणि मातीआड करा. नुसता फेकलेला वाया जातो. डीएपीत मिसळू नका, स्फुरद आणि लोह दोन्ही अडकून पडतात. दुकानातून आणताना खड्यांचा रंग बघून घ्या, निळा असेल तर तो मोरचूद आहे. चुकून तो फवारला तर ऊस करपतो.

गगनबावड्याच्या शेतकऱ्यांनी हिराकस देऊ नये. तुमची जांभ्याची माती आम्ल आहे, लोह मुळातच जास्त, आणि साचलेल्या पाण्यात ते आणखी विरघळते. खालच्या पानांवर टोकाकडून तांबूस ठिपके असतील तर लोह जादा झालेय असे समजा. खाचरातले पाणी काढून चार दिवस हवा लागू द्या, आणि पालाश कमी असेल तर ते द्या.

आता सगळ्यांसाठी. हिराकस हाताळताना हातमोजे आणि चष्मा वापरा, डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा. पंप आणि नोझल त्याच दिवशी धुवा, नाहीतर धातूचे भाग गंजतात. पण खरी काळजी घरातल्या लहान मुलांची आहे. हिरवे खडे खडीसाखरेसारखे दिसतात. १० किलो वजनाच्या मुलाला एक ग्रॅमही बाधू शकतो, तीन ग्रॅम, म्हणजे चमचाभरापेक्षा कमी, जीवावर बेतू शकतात. आधी उलट्या-जुलाब होतात, मग काही तास मूल बरे वाटते आणि घरचे निर्धास्त होतात. त्याच वेळात लोह यकृताला इजा करत असते. तेव्हा उलटी थांबली म्हणून घरी थांबू नका, मीठ-पाणी पाजून उलटी काढू नका, पिशवी सोबत घेऊन थेट कोल्हापूरचे सीपीआर किंवा जवळचे मोठे रुग्णालय गाठा. उरलेला हिराकस घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, कुलपात ठेवा. स्वयंपाकघरातल्या बरणीत कधीही नको.