रस्त्यावर मांजराचं पिल्लू सापडलंय. अंग गार आहे, डोळे पुवाने चिकटलेत. पाळायची इच्छा आहे, पण घरात आधीच एक मांजर आहे. काय करू?

दूध पाजायची घाई नको, आधी ऊब द्या. अंग गार असताना पिल्लाला काही पचत नाही, शिवाय दूध श्वासनलिकेत जायची भीती असते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. आणि थेट पशुवैद्य गाठा.

हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर सकाळची वाट बघू नका. एवढ्याशा जिवाचं रक्त पिसवा अक्षरशः पिऊन टाकतात. पण कुत्र्याचं पिसवांचं औषध चुकूनही लावू नका. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजर मरू शकतं. पॅरासिटामॉलही मांजराला विषच.

डोळे ओढून उघडू नका. कोमट पाण्यात भिजवलेला कापूस थोडा वेळ ठेवला की खपली सुटते. यामागे बरेचदा हर्पिसचा विषाणू असतो, त्यामुळे थेंब डॉक्टरांनी दिलेलेच घाला. एखादा डोळा गेलाच, तरी मांजर मजेत जगतं, उड्याही मारतं.

घरच्या मांजरापासून पिल्लाला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडीही वेगळी. फेलाइन ल्युकेमिया आणि एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खच्ची करणारे, एकापासून दुसऱ्या मांजराला लागणारे विषाणू) यांची तपासणी करून घ्या. एफआयव्ही पॉझिटिव्ह आला म्हणून लगेच हाय खाऊ नका: आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळेही तसं दिसतं, पिल्लू सहा महिन्यांचं झालं की पुन्हा तपासा.

खर्चाचं मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट बोला. सगळंच आजच करावं लागतं असं नाही.