पोस्टरसाठी पुन्हा कथेकडे

प्रश्न : मी नववीच्या वर्गाला डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेल्या भावी समाजाच्या, लघुकथा शिकवते. कथा वाचून झाल्यावर मुलांकडून पोस्टर करून घेतले, तेव्हा जवळजवळ प्रत्येक पोस्टरवर काळे आकाश, पडक्या इमारती आणि साखळदंड आले. कोणते पोस्टर कोणत्या कथेचे, हे शीर्षक वाचल्याशिवाय कळत नव्हते. चित्रकला न जमणारी मुले तर मागेच पडली. असे प्रकल्प आणि बारकाईचे वाचन यांची सांगड कशी घालावी?
— एक शिक्षिका

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांनी कथेचे चित्र काढलेले नाही, या कथाप्रकाराविषयी त्यांच्या मनात आधीच तयार असलेले चित्र त्यांनी काढले. ‘कथेवर पोस्टर करा’ एवढीच सूचना दिली की असे होते, कारण ती पार पाडण्यासाठी पुस्तक पुन्हा उघडावे लागत नाही. काम असे द्यावे की कथेत परत डोकावल्याशिवाय हात पुढे सरकणारच नाही.

ई. एम. फॉर्स्टर यांची १९०९ सालची ‘द मशीन स्टॉप्स’ ही कथा त्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटते. ती एका खोलीच्या वर्णनाने सुरू होते. खोली मधमाशीच्या पोळ्यातल्या कप्प्यासारखी षटकोनी आहे. तिला खिडकी नाही, आत दिवा नाही, तरी सौम्य उजेड आहे. हवा आत येण्यासाठी झरोका नाही, तरी हवा ताजी आहे. सामान म्हणाल तर एक आरामखुर्ची आणि वाचनाचे एक मेज. या खोलीचा आराखडा मुलांना काढायला सांगावा आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूशेजारी ती ज्या वाक्यातून घेतली ते वाक्य लिहायला लावावे. उजेड नेमका कुठून येताना दाखवायचा, यावर गट अडतो आणि पुन्हा परिच्छेदाकडे वळतो. मग अन्न, संगीत, कपडे, गरम पाण्याची अंघोळ यांसाठीची बटणे भिंतीवर मांडताना लक्षात येते की येथे भयावह असे काहीच नाही, उलट सगळी सोयच सोय आहे, आणि म्हणूनच बाहेर पडावे असे फारसे कोणाला वाटत नाही. हा शोध मुलांना स्वतः लागू द्यावा. शिक्षकाने तो आधी सांगून टाकला तर आराखड्याला अर्थ उरत नाही.

चित्रकला न जमणाऱ्यांसाठी रे ब्रॅडबरी यांची १९५० मधील ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ घ्यावी. त्या कथेतले स्वयंचलित घर आपली रोजची कामे करीत राहते, पण घरातली माणसे प्रत्यक्ष कुठेच येत नाहीत. त्यांच्या खुणा उरतात त्या अणुस्फोटात जळून काळ्या पडलेल्या पश्चिमेच्या भिंतीवर : हिरवळ कापणारा पुरुष, फुले खुडायला वाकलेली स्त्री, हात उंचावलेला मुलगा, वर उडालेला चेंडू आणि तो झेलायला हात वर केलेली मुलगी. कागद कापून या आकृती चिकटवायला कात्री पुरते. खरा विचार करावा लागतो तो चेंडूच्या जागेचा. तो मुलीच्या हातांपासून किती दूर लावायचा आणि का, यावर प्रत्येकाने चार-पाच वाक्ये लिहावीत.

गुणांपैकी निम्म्याहून अधिक अशा टिपणालाच द्यावेत, म्हणजे सुबक रेषेचा फायदा आपोआप मर्यादित होतो. टिपणात कोणते वाक्य निवडले याबरोबरच काय मुद्दाम वगळले, हेही यावे.

अर्सुला ले ग्विन यांची १९७३ ची ‘द वन्स हू वॉक अवे फ्रॉम ओमेलास’ शिकवत असाल, तर ज्याच्या हालांवर सगळ्या शहराचे सुख अवलंबून आहे, त्या तळघरात कोंडलेल्या मुलाचे चित्र काढायला सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काही विद्यार्थ्यांना सोसणार नाही आणि त्यातून कथेचा प्रश्नही पुढे जात नाही. शहरातला उत्सव काढायला सांगावा आणि त्या आनंदाखालच्या तळघराची चाहूल कुठे व कशी द्यायची, हे त्यांच्यावर सोपवावे. या शहराचे बरेचसे तपशील निवेदकाने वाचकाच्या कल्पनेवर सोडले आहेत, त्यामुळे येथे प्रत्येक गटाचे चित्र वेगळे आले तरी ते कथेला धरूनच असेल.