कुन्नूरपासून नको, मेट्टुपालयमपासूनच बसा

तुम्ही विचारलंय, "आम्ही फोंड्याचे. मुलांना वाफेच्या गाडीत बसवायचंय, आईवडीलही बरोबर असतील. उटीची गाडी कुन्नूरहून पकडली तर चालेल ना? खालून पाच तास बसून मुलं कंटाळतील का?"

नाही चालणार. निलगिरीची ही डोंगरगाडी तमिळनाडूत पायथ्याच्या मेट्टुपालयमहून निघते आणि कुन्नूरमार्गे उटीला चढते. कुन्नूर ते उटी या टप्प्यात रोजच्या गाडीला डिझेल इंजिन असतं. वाफेचं इंजिन मेट्टुपालयम ते कुन्नूर एवढंच, आणि दातेरी रूळही (चढावर गाडी घसरू नये म्हणून मधे टाकलेली दात असलेली पट्टी) कल्लार ते कुन्नूर याच चढावर. तो टप्पा सोडून वरचा केलात तर डोंगर बघाल, चहाचे मळे बघाल, वाफेच्या गाडीत बसलो असं मात्र मुलांना सांगू नका.

इतकं ठासून सांगायला कारण आहे. माझे बाबा कुळ्याला रेल्वेत फायरमन होते. गोव्यात रेल्वे कोकण रेल्वेनं आणली, 1998 साली, असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. पोर्तुगीज आणि ब्रिटिशांच्या 1878 च्या करारानंतर मुरगाव बंदरापासून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज टाकली गेली आणि 1880 च्या दशकातच तिच्यावर गाड्या धावू लागल्या. कुळे ते कॅसलरॉक हा ब्रागांझा घाट, दूधसागरच्या अंगावरून जाणारा. चढ 37 ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. या चढावर बाबांनी फावड्यानं भट्टीत कोळसा मारला. पुढे ते डिझेलवर गेले, नव्वदच्या दशकात मीटरगेजच उखडली, आणि त्यांच्या नातवंडांना त्यांचं काम दाखवायला इथे काही उरलं नाही. म्हणून आम्ही निलगिरीला गेलो. माथेरानची गाडी जवळ पडते, पण तीही आता डिझेलवरच.

माझे मोठे दीर सहकुटुंब बरोबर होते. मेट्टुपालयमला पोचल्यावर ते म्हणाले, पाच तास लाकडी बाकावर कोण बसणार, आम्ही टॅक्सीनं कुन्नूरला जातो आणि तिथून गाडी घेतो. गेले. आम्ही सकाळी सात-दहाच्या गाडीत बसलो.

इंजिन पुढे नव्हतं, मागे होतं. माझ्या मुलाला वाटलं गाडी उलटी उभी आहे. बाबांनी त्याला फलाटावरच विचारलं, "मधली कडी तुटली तर डबे कुठे जातील? खाली. आणि खाली कोण उभं आहे?" मग आपल्या घाटात कॅसलरॉकला चढताना मालगाडीला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, कसं लावतात, ते सांगितलं. इंजिन मागे असल्यामुळे ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसत नाही. म्हणून डब्यांच्या पुढच्या ओट्यावर ब्रेकवाले बावटे घेऊन उभे असतात आणि एकाचा बावटा बघून दुसरा दाखवतो. मुलांनी कुन्नूरपर्यंत त्या माणसांवरून नजर काढली नाही.

कल्लार सोडल्यावर बाबा बोलता बोलता थांबले आणि म्हणाले, "आवाज बदलला." दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी सुरू झाली होती. या इंजिनांना सिलिंडरच्या दोन जोड्या असतात. एक नेहमीची चाकं फिरवते. चढ आला की तिच्यातून निघालेली वाफ वाया न घालवता दुसऱ्या जोडीत जाते आणि ती जोडी दातेरी चाक फिरवते. हे मला नंतर वाचून कळलं, बाबांना डब्यात बसून कानानं कळलं. तिथला चढ 12 ला 1, म्हणजे आपल्या घाटाच्या तिप्पट. ते कितीतरी वेळ "तिप्पट" एवढंच म्हणत होते.

वाटेतल्या हिलग्रोव्ह स्टेशनला इंजिन पाणी घेतं. बाबा उतरून थेट इंजिनाकडे गेले. आमचं इंजिन तेलावरचं होतं, कोळसा नव्हता. तिथल्या फायरमनला मराठी नाही, बाबांना तमिळ नाही. बाबांनी प्रेशरच्या काट्याकडे बोट केलं, मग फावडं मारल्याची खूण केली, आणि त्या माणसानं हात जोडून त्यांना नमस्कार केला. माझी मुलगी हे बघत होती. आजोबा नोकरीत काय करायचे, हे तिनं त्यानंतर मला कधी विचारलं नाही.

मुलं कंटाळतात का? धाकटा हिलग्रोव्हनंतर तासभर झोपला. त्यात काय बिघडलं? बोगदा आला की सगळा डबा ओरडतो, तो जागा व्हायचा. बोगदे 16 आहेत. खाजं बरोबर होतं, खिडकी उघडी होती. मोबाइल कुणी मागितला नाही.

संध्याकाळी उटीला दीर भेटले तर म्हणाले, "तीच गाडी, तेच रूळ, आम्ही मात्र ताजेतवाने." अजून चवथीला माटोळीखाली सगळे जमलो की हाच विषय निघतो. माझं म्हणणं तेच आहे. मेट्टुपालयम 326 मीटरवर, उटी 2,203 मीटरवर. मेट्टुपालयम ते कुन्नूर 1899 मध्ये सुरू झाली, उटीपर्यंत पोचायला 1908 उजाडलं. 2005 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून मान दिला, तेव्हा भारतातला हा एकमेव दातेरी रूळमार्ग त्यात होता. तोच भाग टॅक्सीनं टाळायचा आणि वर "तीच गाडी" म्हणायचं, हे मला पटत नाही, पटणारही नाही.

आता अडचणीही सांगते. डब्यात स्वच्छतागृह नाही, थांब्यावरच उरकावं लागतं. तुमच्या आईवडिलांना त्याचा त्रास होणार असेल तर उतरतीची गाडी घ्या. ती दुपारी उटीहून निघते, साडेतीन तासांत खाली येते, आणि कुन्नूरच्या खाली वाफच असते. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा. दरडी कोसळून गाड्या रद्द होतात, तेव्हा जाऊ नका. गोव्यातून एका दिवसात हे होत नाही, मडगावहून कोईम्बतूरकडे रात्रभराचा प्रवास धराच. तोवर मुलांना निदान कुळ्याहून कॅसलरॉकपर्यंत साध्या गाडीनं फिरवून आणा. दूधसागरला रुळांवरून चालत मात्र नेऊ नका, त्याला बंदी आहे आणि जीवही जातो.

वरच्या दिशेनं जाणार असाल तर पहिल्या वर्गाचा डबा सगळ्यात पुढे असतो, समोर इंजिन नसल्यामुळे पुढचा सगळा घाट तिथून दिसतो. मुलांना तिथे बसवा. वडिलांना मात्र विचारा, त्यांना कदाचित मागे, इंजिनाजवळ बसायचं असेल.