भाच्याच्या मापाने मुलगी मोजू नका

सोलापूरहून एका वडिलांनी लिहिलेलं पत्र, थोडक्यात असं:

"मॅडम, आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले, पद्मशाली विणकर. आठ मागांचा कारखाना आहे, टॉवेल काढतो. मुलगी बारावी सायन्सला, अकरावीत 81 टक्के. माझ्या मेहुण्यांचा मुलगा हैदराबादला कॉम्प्युटर इंजिनिअर झाला, आता अमेरिकेत आहे. मूळ आम्ही तेलंगणातल्या एकाच भागातले. हैदराबादला गेले ते अमेरिकेला पोचले, सोलापूरला आले ते मागावरच राहिले. म्हणून मुलीने कॉम्प्युटरच घ्यायचं, असं मी ठरवलंय. पण कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिने इंग्लंडमधल्या दोन समाजांची तुलना केली. एक युगांडातून आलेले गुजराती, दुसरे मिरपूरहून आलेले पाकिस्तानी. तेव्हापासून अर्थशास्त्र घेणार म्हणते. परक्यांची गरिबी-श्रीमंती मोजून पोट भरतं का? गुजराती पुढे जाणारच, धंदा त्यांच्या रक्तातच असतो, त्यात शिकायचं काय? पंधरा दिवस झाले, मी तिच्याशी बोलत नाही. तिची वही सोबत पाठवतो. तुम्हीच समजवा."

नमस्कार.

समजवते, पण तुमच्या मुलीला नाही.

मार्कांचं नंतर बघू. 81 टक्क्यांनी कुणाचं काही अडत नाही. मला टोचलं ते पंधरा दिवसांचं वाक्य. बारावीचं वर्ष, सकाळी क्लास, दुपारी प्रॅक्टिकल, घरी आल्यावर मागांचा खडखडाट, आणि त्या खडखडाटात बाप तेवढा मुका. जेवायला बोलावणंही आईमार्फत जात असणार. तुमचं मूळ पत्र तीन पानी आहे. त्यात भाच्याचं नाव सात वेळा आलंय, मी मोजलं. मुलीचं एकदाही नाही. ती सगळीकडे नुसती "मुलगी".

माझ्यासमोर बसलेली पोरं मार्क सांगताना सहसा रडत नाहीत. "पप्पा बोलत नाहीत" म्हणताना रडतात. मग एक दिवस पप्पांना हवा तो फॉर्म भरून टाकतात. पटलेलं काही नसतं, घरातली शांतता सहन होत नाही एवढंच. यातली काही दोन वर्षांनी एटीकेटी घेऊन परत येतात, आणि तेव्हा पप्पा म्हणतात, "आम्ही कुठे जबरदस्ती केली? तिनेच फॉर्म भरला." तुम्ही हात उचलणारे नाही हे पत्रावरून कळतं. पण तुमच्या अबोल्याचं काम तेच आहे, फक्त वळ दिसत नाहीत.

वही मात्र पाठवलीत ते बरं केलंत. पुरावा म्हणून पाठवलीत, मी दोनदा वाचली. पहिल्याच पानावर ब्रॅडफर्डच्या लिस्टर मिलचा फोटो चिकटवलाय, उंच चिमणी असलेला, आणि खाली पेन्सिलीने लिहिलंय, "ही आपलीच वाटते." (हल्ली सोलापुरात चिमणी म्हटलं की विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची आठवते, 2023 मध्ये पाडली ती. पण तिला गिरणीची आठवली. कुणाच्या घरातली पोर आहे ते कळतं.)

तिने काय शोधलंय ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही, म्हणून सांगते. ब्रॅडफर्ड हे लोकरीच्या गिरण्यांचं गाव. 1960 च्या दशकात झेलम नदीवर मंगला धरण झालं आणि मिरपूर भागातली लाखावर माणसं उठली. तिथून इंग्लंडला जाणं आधीपासून होतंच, धरणाने लोंढा वाढला. बहुतेक बाप्ये एकटे गेले, थोडी शेती आणि थोडंच शिक्षण असलेले. गिरण्यांत गोऱ्या कामगारांना नको असलेली रात्रपाळी त्यांच्या वाट्याला आली. पुढे 1970 आणि 80 च्या दशकांत एकेक गिरणी बंद पडत गेली, लिस्टर मिल 1992 मध्ये. गावात दुसरा धंदा नाही, हाताला दुसरं काम येत नाही. पूर्व भागात राहणाऱ्या माणसाला हे मी वेगळं समजावून सांगू का?

दुसरीकडे युगांडा. 4 ऑगस्ट 1972 ला इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला सांगितलं. सुमारे 28 हजार माणसं ब्रिटनला पोचली, बहुतेकांच्या खिशात जेमतेम 50 पौंड. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या पालिकेने तर युगांडाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती की आमच्याकडे येऊ नका, घरं आणि शाळा भरल्यात. लोक तरीही तिथेच गेले. इंग्लंडमधले 2016 ते 18 चे आकडे बघा. भारतीय घरांपैकी 74 टक्के स्वतःच्या मालकीची, पाकिस्तानी 58 टक्के, गोऱ्या ब्रिटिशांची 68.

इथे तुम्ही म्हणणार, "बघा, रक्त!" हा गैरसमज मी फार ऐकते आणि त्याने फार नुकसान होतं, म्हणून जरा थांबते. युगांडातल्या माणसाचं दुकान काढून घेतलं, बँकेतली शिल्लक काढून घेतली. पण त्याला इंग्रजी येत होतं, हिशेब येत होता, गिऱ्हाईक कसं टिकवायचं ते ठाऊक होतं, बायकामुलं सोबत होती आणि अनेकांच्या हातात ब्रिटिश पासपोर्ट होता. यातलं काहीच विमानतळावर जप्त करता येत नाही. मिरपूरच्या माणसाकडे यातलं फारसं नव्हतं, आणि तो उतरला तेही एकाच धंद्यावर जगणाऱ्या गावात. रक्तातच धंदा असता तर जयाबेन देसाईंचं काय करायचं? गुजरातमध्ये जन्मलेल्या, टांझानियातून इंग्लंडला आलेल्या या बाई लंडनच्या ग्रनविक कारखान्यात लोकांचे फोटो धुवायचं काम करत होत्या. 1976 मध्ये अपमान सहन होईना म्हणून बाहेर पडल्या आणि साडी नेसून, वरून कोट घालून जवळपास दोन वर्षं संपावर उभ्या राहिल्या. संप हरले. "गुजराती पुढे जाणारच" या वाक्यात त्या कुठेच बसत नाहीत. आणि बांगलादेशी मुलं? ब्रिटनमधल्या शाळांत एकेकाळी सगळ्यात मागे असणाऱ्यांत ती होती. आज तिथल्या दहावीच्या तोडीच्या परीक्षेत त्यांची सरासरी गोऱ्या ब्रिटिश मुलांच्या पुढे आहे. एवढ्या वर्षांत रक्त बदललं म्हणायचं का? बांगलादेशी वस्ती असलेल्या पूर्व लंडनमधल्या शाळांवर पैसा आणि मेहनत खर्च झाली होती.

लांब कशाला जायचं. सोलापूरची जुनी मिल 1877 मध्ये सुरू झाली, ती मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांच्या भांडवलावर. तिच्या आगेमागे तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले. सोलापूरला दोघेही परके. एक पैसा घेऊन आला, दुसरा विणणारे हात घेऊन. दीडशे वर्षांनी दोघांच्या पणतवंडांना शेजारी उभं करून तुम्ही जणू म्हणता, आमच्या लोकांत धमक नाही. त्याच पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायकांनी संघटना करून, वर्षानुवर्षं मोर्चे काढून कुंभारीला दहा हजार घरं मिळवली, 2006 मध्ये. गोदूताई परुळेकर वसाहत. ती धमक कुणाची होती?

आता तुमची स्वतःची तुलना. हैदराबादला गेलेले अमेरिकेला पोचले, असं तुम्ही लिहिता. पोचले ते दिसतात. तेलंगणातल्या सिरसिल्ल्यात आजही तुमच्याच आडनावाची माणसं यंत्रमाग चालवतात, आणि त्यांनी सोलापूरपेक्षा वाईट दिवस पाहिलेत. त्यांचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. तुमच्या भाच्याला अमेरिकेने पद्मशाली म्हणून घेतलं नाही, डिग्री बघून घेतलं. तिथल्या पंचविशीच्या वरच्या भारतीयांपैकी 75 टक्के निदान पदवीधर होते आणि भारतीय घरांचं मधलं वार्षिक उत्पन्न 1 लाख 19 हजार डॉलर होतं, दोन्ही आकडे 2019 चे. आधी चाळून माणसं घ्यायची आणि मग चाळणीतून आलेली सगळी एका मापाची म्हणून कौतुक करायचं, असा हा प्रकार. शिवाय ती चाळणही आता भाच्याच्या वेळची राहिलेली नाही. ग्रीन कार्डांत कुठल्याही एका देशाला वर्षाला 7 टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतीयांची रांग हलत नाही, आणि सप्टेंबर 2025 मध्ये एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर 1 लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. मुलीने चार वर्षांनी कुठे उभं राहायचं ते दहा वर्षांपूर्वीच्या दारावरून ठरवताय.

तिला कॉम्प्युटरची आवड असती तर मीच म्हटलं असतं, सीईटी दे आणि कॅपच्या प्रवेशफेऱ्यांत चांगलं कॉलेज बघ. त्यात वाईट काही नाही. पण वहीच्या चाळीस पानांत तिने एकदाही कंटाळा केलेला नाही, आणि हे मी बारावीच्या मुलांत क्वचित बघते.

आता तिच्यासाठी, कारण वही तिच्या हाती परत जाणार आहे. बाळ, काम चांगलं आहे, पण दोन ठिकाणी चुकलीस. आकडे सगळ्या भारतीयांचे घेतलेस आणि मथळा दिलास "युगांडातले गुजराती". भारतीयांत पंजाबी आले, अलीकडे गेलेले डॉक्टर आणि आयटीवाले आले. पाकिस्तान्यांतही सगळे मिरपुरी नाहीत. दुसरं, घराचं उत्पन्न लिहिलंस पण त्या घरात खाणारी तोंडं किती ते लिहिलं नाहीस. सात माणसांच्या आणि तीन माणसांच्या घरात एकच पगार वेगळा पुरतो. कमी पैशांतही 58 टक्के पाकिस्तानी घरं मालकीची कशी, हा तुझ्या वहीतला सगळ्यात चांगला प्रश्न आहे. तू तो कंसात टाकून पुढे गेलीस.

आणि एक सांगते, ते कडू लागेल. "अर्थशास्त्र म्हणजे गणितातून सुटका" असं मनात असेल तर तुझे पप्पा बरोबर आहेत. गणित सोडून, जवळचं कॉलेज म्हणून घेतलेल्या बी.ए.ने काहीही हाती लागणार नाही. गणित ठेव. सोलापुरातच संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. कर किंवा पुण्याच्या गोखले संस्थेत अर्थशास्त्राच्या बी.एस्सी.ची प्रवेश परीक्षा दे. त्यापुढे मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, जिथे स्थलांतर हाही अभ्यासाचा विषय असतो. तिरुवनंतपुरमचं विकास अध्ययन केंद्रही आहे. केरळमधून कोण, कुठे, किती गेलं याची सर्वेक्षणं 1998 पासून त्याच केंद्रातून सुरू झाली. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेला पदवीत संख्याशास्त्र असलं तरी बसता येतं. आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते.

पोट भरतं का, हा तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. पहिल्या नोकरीचा पगार भाच्याच्या पहिल्या पगारापेक्षा कमी असेल, बहुधा बराच. एम.ए.पर्यंत पाच वर्षं जातील. आठ मागांच्या कारखान्यावर ती पाच वर्षं निभतील की नाही हे तुम्हालाच माहीत, आणि निभत नसतील तर तिला तसं सरळ सांगा. वीजबिल, सुताचा भाव, किती माग सध्या बंद आहेत, सगळं. अमेरिकेचा आणि भाच्याचा आडपडदा नको. सतरा वर्षांच्या मुलीला हिशेब कळतो, ही तर हिशेबातच रमलीय.

वहीच्या शेवटच्या पानावर एक कोष्टक आहे. तीन रकाने: लेस्टर, ब्रॅडफर्ड, सोलापूर. ओळींत लिहिलंय, कोण आलं, कुठून आलं, कशामुळे निघालं, येताना हातात काय होतं, पहिलं काम कुठलं मिळालं. पहिले दोन रकाने गच्च भरलेत. सोलापूरचा कोरा आहे. बाजूला तिने बारीक अक्षरात लिहिलंय, "पप्पांना विचारणे." खाली तारीख आहे. तुम्ही बोलणं सोडलंत त्याच्या दोन दिवस आधीची.

वही कुरियरने परत पाठवत्येय. तिच्या हातात देताना त्या पानावर उघडून द्या. तेलंगणातलं कुठलं गाव, आजोबा कुणाबरोबर आले, पहिला माग कुणाच्या उसनवारीवर घेतला, जे आठवेल ते सांगा. आठवत नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना दोघं मिळून विचारा, तेलुगूत. फॉर्मला अजून वेळ आहे.