‘सार्वजनिक सल्लामसलत’ की ‘लोकविचारणा’?

एका वाचकाचा प्रश्न आहे. कायद्याच्या एका मसुद्यासोबत आलेल्या निवेदनात त्यांनी हे वाक्य वाचले : ‘शाश्वत विकासासंबंधीच्या नव्या कायद्याबाबत सर्व भागधारकांशी सार्वजनिक सल्लामसलत करण्यात येत आहे.’ ते विचारतात, ‘पब्लिक कन्सल्टेशन’साठी ‘सार्वजनिक सल्लामसलत’ बरोबर आहे का, की सरळ ‘जनसुनावणी’ म्हणावे? आणि ‘शाश्वत’ हा शब्द इथे कानाला का खटकतो?

मला या वाक्यात सर्वांत जास्त ‘भागधारक’ खटकला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. मराठीत भागधारक म्हणजे कंपनीचे शेअर ज्याच्याकडे आहेत तो. ‘स्टेकहोल्डर’ला हा शब्द बेधडक लावला जातो आणि वाचणाऱ्याचा सरळ गैरसमज होतो. ज्याची जमीन, पाणी किंवा मासेमारी त्या कायद्याने बदलणार आहे, तो हे निवेदन वाचून म्हणेल, ‘माझे कुठे शेअर आहेत? हे आपल्यासाठी नाही.’ ज्याला बोलवायचे होते तोच बाहेर राहिला. हिंदीतला ‘हितधारक’ निदान दिशाभूल करत नाही. आपल्याकडे ‘हितसंबंधी’ आहे, पण त्याला ‘हितसंबंध गुंतलेले’ या वाक्प्रचाराचा डाग लागला आहे. मी ‘संबंधित’ लिहितो, आणि जागा असेल तर ‘ज्यांच्यावर या कायद्याचा परिणाम होणार आहे ते सर्व’ असे फोडून लिहितो. लांब होते, पण कोणालाही विचारावे लागत नाही की ते म्हणजे कोण.

आता मुख्य शब्द. ‘सल्ला’ आणि ‘मसलत’ दोन्ही अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आले, आणि दोघांचे कूळ एकच. त्या धातूचा अर्थ नीट असणे, भले होणे, हिताचे असणे. ‘सुलह’ हाही त्याच घरातला. जुन्या मराठीत ‘सल्ला होणे’ म्हणजे तह होणे असाही अर्थ होता. तेव्हा ‘सल्लामसलत’ हा मुळात चांगला, हिताची भाषा बोलणारा जोडशब्द आहे. अडचण आजच्या वापराची आहे. ‘सल्ला’ आपण जाणकाराकडून घेतो : वकिलाचा, डॉक्टरांचा. ‘मसलत’ मोजक्या माणसांत, दार लोटून होते. खलबताच्या शेजारचाच तो शब्द. त्याच्यापुढे ‘सार्वजनिक’ ठेवले की दोन शब्द एकमेकांना पाठ करून उभे राहतात. शिवाय ‘सार्वजनिक’ म्हणजे सगळ्यांच्या मालकीचे किंवा सगळ्यांसाठी खुले, जसे सार्वजनिक वाचनालय. इथे सांगायचे आहे की ही प्रक्रिया लोकांशी करायची आहे, आणि ते ‘सार्वजनिक’ या विशेषणातून येत नाही.

मग ‘जनसुनावणी’? हा शब्द लोकांच्या तोंडी पक्का बसला आहे आणि तो मला आवडतो. पण तो संपूर्ण प्रक्रियेचे नाव नाही. भारताच्या १४ सप्टेंबर २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल हे मंजुरीआधी तपासण्याच्या नियमांत, हे फार स्पष्ट आहे. तिथे ‘पब्लिक कन्सल्टेशन’चे दोन भाग केले आहेत. एक, प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास होणारी सुनावणी, स्थानिक बाधितांचे म्हणणे समजून घेण्यासाठी. दोन, पर्यावरणाच्या अंगाने ज्यांचा प्रकल्पाशी संबंध पोहोचतो अशा इतरांकडून आलेली लेखी मते. संपूर्ण प्रक्रियेला ‘जनसुनावणी’ म्हटले की हा दुसरा भाग शब्दातून गळतो. नदीच्या खालच्या अंगाला शंभर किलोमीटरवर राहणाऱ्याला वाटते, सुनावणी तिकडे झाली, आपला काय संबंध. खरे तर तो लिहून पाठवू शकतो.

‘सुनावणी’ या शब्दाची घडण मात्र पाहण्यासारखी आहे. मराठीत आपण ‘ऐकतो’. ‘सुनणे’ रूढ नाही. ‘सुनावणे’ मात्र आहे, आणि त्याचा अर्थ ऐकवणे : शिक्षा सुनावली, त्याला चांगलेच सुनावले. म्हणजे सुनावणीत मुळात कोणीतरी कोणाला तरी ऐकवतो. जनसुनावणीत लोकांनी ऐकवायचे आणि अधिकाऱ्यांनी ऐकायचे, असा तो समास सोडवावा लागतो. मंचावरून प्रकल्पाचे सादरीकरण तासभर चालले आणि लोकांना प्रत्येकी दोन मिनिटे मिळाली, तर समास उलटा सुटला.

लेखी बाजूसाठी आपल्याकडे ‘हरकती व सूचना’ हा अगदी रुळलेला जोड आहे. कायद्यांचा अर्थ कसा लावायचा याचे सामान्य नियम देणाऱ्या १८९७च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या २३व्या कलमात, जिथे नियम करण्यापूर्वी त्यांचा मसुदा प्रसिद्ध करणे बंधनकारक असेल तिथे, आलेले ‘ऑब्जेक्शन’ किंवा ‘सजेशन’ विचारात घेतले पाहिजे असे म्हटले आहे. राजपत्रातली ‘हरकती व सूचना’ ही त्याच जोडीची मराठी. ‘हरकत’चा अरबी अर्थ हालचाल. गाण्यातली हरकत त्या अर्थाला धरून राहिली, आणि व्यवहारात ती अडथळा, आक्षेप झाली. ‘सूचना’ मात्र जपून वापरायचा शब्द आहे. लोक सरकारला देतात तीही सूचना आणि सरकार भिंतीवर लावते तीही सूचना. पहिलीत सुचवणे आहे, दुसरीत बजावणे. निवेदनात ‘नागरिकांसाठी सूचना’ असा मथळा आणि खाली ‘नागरिकांच्या सूचना मागवत आहोत’ असा मजकूर आला, तर वाचणारा अडखळतो. मथळ्यात ‘आवाहन’ लिहावे.

पण हरकत आणि सूचना दोन्ही मसुदा तयार झाल्यावरच्या गोष्टी आहेत. कन्सल्टेशन त्याच्या आधी सुरू व्हायला हवे. १९९८मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुस शहरात स्वीकारलेल्या करारात, पर्यावरणावर परिणाम करणाऱ्या प्रकल्पांच्या निर्णयांबाबत, लोकांचा सहभाग लवकर, ‘सर्व पर्याय खुले असताना’ असावा असे बंधन आहे. इंग्लंडच्या न्यायालयांनी १९८५च्या गनिंग खटल्यापासून चार कसोट्या मानल्या आहेत : प्रस्ताव अजून घडत असतानाच विचारावे, लोकांना नीट मत देता येईल इतकी कारणे सांगावीत, पुरेसा वेळ द्यावा, आणि आलेले म्हणणे निर्णय घेताना प्रामाणिकपणे विचारात घ्यावे. २०१४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर शिक्कामोर्तब केले.

या चार कसोट्या वाचताना मला दर वेळी एकच मराठी क्रियापद आठवते : विचारणे. आपल्या भाषेत प्रश्न करणे आणि मनात घोळवणे ही दोन्ही कामे एकाच शब्दाच्या पोटात आहेत. ‘विचारले’ म्हणजे प्रश्न केला, ‘विचार केला’ म्हणजे त्यावर मन लावले. हिंदीत ‘पूछना’ वेगळे आणि ‘विचार’ वेगळा. आपल्याकडे ‘पुसणे’ होतेच, ते ‘विचारपूस’मध्ये अजून टिकून आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘विचारणे’ पुढे गेले. आणि तिसरा अर्थ तर फारच मोलाचा आहे : ‘आम्हाला कोण विचारतो?’ इथे विचारणे म्हणजे किंमत देणे, मोजणे. गावाला न विचारता काही झाले की लोक नेमके हेच वाक्य बोलतात, आणि त्यात तिन्ही अर्थ एकदम असतात : प्रश्न केला नाही, विचार केला नाही, मोजले नाही.

म्हणून संपूर्ण प्रक्रियेसाठी मी ‘लोकविचारणा’ सुचवतो. एक अडचण मान्य करतो. कचेरीच्या भाषेत ‘विचारणा केली’ला जाब विचारल्याची छटा आहे. पण ‘लोक’ जोडल्यावर ती बरीच पुसट होते असे मला वाटते. ज्यांना तरीही नको असेल त्यांनी ‘लोकांशी विचारविनिमय’ म्हणावे. त्यातही विचार आहेच, आणि देवाणघेवाण जास्तीची. लोकविचारणेच्या पोटात जनसुनावणी आणि हरकती व सूचना ही दोन नावे आपापल्या जागी राहू द्यावीत.

‘संमती’ मात्र यात मिसळू नये. विचारणे म्हणजे होकार मिळालाच पाहिजे असे नाही, आणि ही सीमारेषा शब्दकोश ठरवत नाही, कायदा ठरवतो. भारतात न्यायाधीशांच्या नेमणुकीबाबत राज्यघटनेतल्या याच ‘कन्सल्टेशन’ शब्दावर सर्वोच्च न्यायालयाने १९८१मध्ये म्हटले की याचा अर्थ सहमती नव्हे. १९९३मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सरन्यायाधीशांच्या मताला प्राधान्य दिले. शब्द तोच, बारा वर्षांत वजन बदलले. आदिवासी समूहांसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९८९च्या १६९व्या करारात विचारविनिमयाचा हेतूच सहमती किंवा संमती मिळवणे हा असावा असे लिहिले आहे. तेव्हा मराठी मसुद्यात जिथे संमती आहे तिथे ‘संमती’च लिहा, आणि जिथे ती नाही तिथे ‘लोकांना विश्वासात घेऊन’ असे गोड वाक्य घालू नका. ते वाचून माणसाला वाटते की आपला नकार चालेल. ‘सहभाग’ही वेगळा ठेवावा. वेल्सच्या २०१५च्या भावी पिढ्यांच्या कल्याणाच्या कायद्यात कामाच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत. त्यांतली एक लोकांना कामात सामील करून घेण्याची आहे. तिला ‘सहभाग’ म्हणावे. तो लोकविचारणेपेक्षा रुंद शब्द आहे.

‘शाश्वत’विषयी थोडक्यात. गीतेत आत्म्याला ‘अजो नित्यः शाश्वतोऽयं पुराणः’ म्हटले आहे. शाश्वत म्हणजे कधीच न संपणारे. म्हणून ‘शाश्वत विकास’ म्हटले की विकासच अनंत काळ चालणार असा भास होतो, तर संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७च्या ब्रुंटलँड अहवालातली कल्पना जवळजवळ उलट्या टोकाची आहे : आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची त्यांच्या गरजा भागवण्याची क्षमता कमी होऊ नये. तिच्यात मर्यादा अंगभूत आहे. या विचाराचे जर्मन मूळ १७१३मधले. सॅक्सनीतल्या फ्रायबेर्गच्या खाणींचा कारभार पाहणाऱ्या कार्लोवित्झ यांनी लाकडाच्या टंचाईमुळे लिहिले की जंगलात जेवढे पुन्हा वाढेल तेवढेच तोडावे. फ्रेंचांनी ‘टिकाऊ’ला जवळचा शब्द घेतला, हिंदीने ‘सतत’. मराठीत मला ‘पेलणे’ आणि ‘झेपणे’ ही क्रियापदे जास्त जवळची वाटतात : निसर्गाला पेलेल असा विकास. पण संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या १७ ध्येयांपासून ‘शाश्वत विकास’ शाळेच्या पुस्तकापर्यंत पोहोचला आहे, तो आता हलवू नये. कायद्याच्या व्याख्येच्या कलमात मात्र ‘निसर्गाला पेलेल’ हे शब्द घालता येतात, आणि घालावेत.

हे सारे भाषेचे लाड वाटू नयेत म्हणून एक घटना सांगतो. २०२०मध्ये भारतात पर्यावरणीय मूल्यांकनाच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत प्रसिद्ध झाला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी मते पाठवण्याची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि मसुदा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सर्व भाषांमध्ये उपलब्ध करायला सांगितले. जो मसुदा वाचताच येत नाही त्यावर हरकत कशी घेणार? लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांच्या २०१८च्या एस्काझू करारातही, बाधित लोकांची भाषा अधिकृत भाषेहून वेगळी असेल तर त्यांना समजेल आणि भाग घेता येईल अशी सोय करण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकली आहे.

प्रश्नातले वाक्य मी असे लिहीन : ‘शाश्वत विकासाच्या नव्या कायद्याचा मसुदा तयार होत आहे. ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्या सर्वांची लोकविचारणा अमुक तारखेपर्यंत सुरू आहे. जनसुनावणीत येऊन बोला किंवा हरकती व सूचना लेखी पाठवा. आलेल्या प्रत्येक मुद्द्याचे काय केले ते आम्ही प्रसिद्ध करू.’ ‘करण्यात येत आहे’ मी मुद्दाम काढले आहे. त्या रचनेत कर्ता दिसत नाही, आणि इथे ‘आम्ही’ म्हणणारा कोणीतरी हवा.